कर्मचाऱ्याचे तापमान

वजनमापे पडताळणी कार्यालयातील एका निरीक्षकाचा फोन तापत असे. ही बाब सुरुवातीला पूर्णपणे खासगी स्वरूपाची होती.

या निरीक्षकाला बाजारात आणि कार्यालयात सगळे मापारी म्हणत. गेली चोवीस वर्षं तो एकच काम करत आला होता. दुकानात शिरायचं, चामडी पिशवीतून पितळी वजनं काढायची, ती काट्यावर मांडायची आणि काटा खोटा निघाला की पावती फाडायची. अचूकपणा त्याच्या अंगात इतका मुरला होता की घरातली आंघोळीची बादलीसुद्धा त्याने लिटरच्या खुणा करून घेतली होती. पाहुण्यांना त्या खुणांचा जाच होई. मोजून आंघोळ करायची सवय सगळ्यांना नसते.

फोन मात्र त्याच्या या शिस्तीत बसत नव्हता. तो मुळात मुलीचा. तिने नवा घेतला तेव्हा जुना बाबांकडे आला. नकाशा लावला की तो कोमट होई, काट्याचा फोटो काढला की गरम, आणि नकाशा चालू असताना फोटो काढता काढता कोणी फोन केलाच, तर मापारी तो रुमालात धरून कानापासून चार बोटं लांब ठेवून बोलत असे. बोलणाऱ्याला वाटे, साहेब आपल्यावर नाराज आहेत.

"अहो, एवढा तापतोय तर शर्टावरून तरी फिरवा," बायको म्हणे. "इस्त्री होऊन जाईल."

त्या दिवसांत मापारीचा सगळा जीव एका आकड्यात होता. तो आकडा म्हणजे एकवीस. एकवीस दिवसांची हक्काची रजा त्याने तीन वर्षं दाताखाली धरून साठवली होती. मुलगी दूरच्या शहरात होती, बाळंतपण महिन्याभरावर आलं होतं, आणि जावई बोटीवर नोकरीला असल्यामुळे बाळ रांगायला लागल्याशिवाय त्याचं तोंड बघणार नव्हता. आईने एकटीनं जावं, तर ती गेल्या महिन्यात जिन्यावरून पडली होती. पडताना तिचं मनगट आणि तिचा फोन दोन्ही एकदम गेले. मनगटाला प्लास्टर मिळालं. मुलीला मदतीला निदान तीन हात हवे होते. त्यातला एक आई नेणार होती, उरलेले दोन मापारीचे होते. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, मध्ये सतरा. हा हिशेब त्याने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला होता.

अशात परिपत्रक निघालं.

'काही कर्मचारी अंगात ताप असताना कार्यालयात येतात,' असं त्यात म्हटलं होतं. 'त्यामुळे इतर कर्मचारी आजारी पडतात, आणि इतर कर्मचारी आजारी पडल्यास ताप असलेल्यांचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. सबब हजेरीच्या ॲपमधून यापुढे दर मिनिटाला प्रत्येक कर्मचाऱ्याचे तापमान घेण्यात येईल. याकरिता फोनमध्ये असलेल्या तापमापकाचा वापर होईल. फोन सदैव कर्मचाऱ्याजवळच असल्याने दोघांचे तापमान एकच मानण्यात येत आहे. साडेसदतीस अंशांवर तापमान गेल्यास कर्मचाऱ्याने दोन दिवस सक्तीची विश्रांती घ्यावी. ती त्याच्या शिल्लक रजेतून वळती करण्यात येईल.'

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. हे परिपत्रक ज्या कार्यालयातून निघालं, त्याच कार्यालयात सगळ्या तालुक्यांतले तापमापक तपासायला येत. तीन ग्रॅम कमी भरल्याबद्दल दुकानाला टाळं ठोकणाऱ्या या माणसांनी फोनला तापमापक ठरवलं आणि त्यावर चौघांनी सह्या केल्या. पाचवी सही मापारीची होती. परिपत्रक फिरत त्याच्या टेबलावर आलं तेव्हा त्याने बाकीच्यांप्रमाणेच समासात 'वाचले' असं लिहिलं आणि न वाचता पुढे सरकवलं.

मंगळवारी सकाळी तो बाजाराच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उभा होता. या दुकानाचा काटा किलोमागे चाळीस ग्रॅम खातो, अशी तक्रार होती. मापारीने नकाशावर आपली जागा नोंदवली, काट्याचा फोटो काढला, दुकानदाराचा फोटो काढला, दोघांचा एकत्र फोटो काढला, कारण नमुना क्रमांक सातमध्ये तसा रकाना होता. मग त्याने पिशवीतून किलोचं वजन काढलं. ते काट्यावर टेकणार, तोच खिशातून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"निरीक्षक महोदय, आपले तापमान चव्वेचाळीस अंश आहे. आपण आजारी आहात. कृपया कामाचे ठिकाण सोडा."

दुकानातलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. किराणावाला मात्र पुढे आला.

"साहेब! चव्वेचाळीस! आणि तुम्ही चक्क उभे?"

"मला काही झालेलं नाही. फोन तापलाय."

"सगळे असंच म्हणतात साहेब. आमचे काका शेवटपर्यंत म्हणत होते." त्याने खुर्ची पुढे ओढली, पाण्याचा ग्लास आणला. "आधी घरी जा. काटा काय कुठे पळून जातोय?"

"तोच तर पळतोय. चाळीस ग्रॅमनी."

"महोदय," खिसा म्हणाला, "आपण अजून कामाच्या ठिकाणी आहात."

मापारी घरी गेला. एकविसाचे एकोणीस झाले.

तिसऱ्या दिवशी तो आस्थापना शाखेत जाऊन उभा राहिला. ही शाखा म्हणजे एक कपाट, एक पंखा आणि एक बाई. बाईंच्या हाताखालून कार्यालयातल्या सर्वांच्या रजा, बढत्या, बदल्या आणि निवृत्त्या गेल्या होत्या आणि त्यातल्या एकाही प्रसंगी त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या.

"बाई, ताप मला नव्हता. फोनला होता."

"फोन कोणाचा?"

"माझाच."

"मग ताप कोणाचा?"

मापारीने हात पुढे केला. "हात लावून बघा. थंड आहे की नाही?"

"मी हात लावून रजा ठरवू लागले तर शाखा चालेल कशी?" बाई म्हणाल्या. "अहो, फोनच्या नावावर रजेचं खातं आहे का? नाही. मग कापायची कोणाची? खातं आहे त्याचीच."

"मी फोनच बदलतो मग."

"बदला की. अर्ज करा. ॲपमध्येच आहे तो." त्यांनी चष्मा वर सारला. "पण तो निरोगी कर्मचाऱ्यालाच करता येतो हं. सलग पंधरा दिवस निरोगी."

इकडे बाजारात साहेबांच्या आजाराची बातमी पसरली होती. व्यापाऱ्यांनी लगोलग फोनवर एक ग्रुप काढला, 'साहेबांना लवकर आराम पडो', आणि त्यात साहेबांना घातलं. नागरिकांशी संवाद तोडणं हे शिस्तभंगात मोडत असल्याने मापारीला त्यातून बाहेर पडता येईना. पहिल्या दिवशी शुभेच्छा खऱ्या होत्या. उगवता सूर्य, डोलणारी फुलं, एका तळ्यात पोहणारी बदकं, सगळं व्हिडिओतून. चौदावा व्हिडिओ पोचला आणि मापारी कापडदुकानात मीटरची पट्टी उलगडत असताना त्याला बेचाळीस ताप भरला.

बाजाराची बुद्धी अशा बाबतीत फार वेळ घेत नाही. दुसऱ्याच आठवड्यात पद्धत बसली. मापारी पहिल्या दुकानाची पायरी चढला की तिथला मालक नमस्कार करता करता खालून अंगठ्याने ग्रुपवर खूण टाकी, आणि पुढच्या तीस दुकानांतून एकदम प्रेमाचा लोंढा सुटे. भांडीवाल्याने तर एका धबधब्याचं दीड तासाचं चित्रण मिळवून ठेवलं होतं. ते फक्त अडीअडचणीला वापरायचं असं ठरलं होतं.

"काळजी घ्या साहेब," किराणावाला दारापर्यंत सोडायला येई. "तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही."

त्या पंधरवड्यात बाजारात एकही काटा तपासला गेला नाही. आणि जगात कुठल्याही वजनमापे निरीक्षकावर व्यापाऱ्यांनी इतकं प्रेम केलेलं नाही. एकोणिसाचे सतरा झाले, सतराचे पंधरा, पंधराचे तेरा. कपाटाच्या दारावरची पेन्सिल खोडरबराने झिजू लागली.

"तेरा म्हणजे तिकडे नऊच दिवस," बायको प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली. "नऊ दिवसांत ती उठून बसायची नाही धड."

"डॉक्टरचा दाखला आणतो," मापारी म्हणाला. "दाखल्यापुढे कोणाचं चालत नाही."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने आधी मापारीला तपासलं. छत्तीस पूर्णांक सात. मग मापारीने आग्रह केला म्हणून फोनला तपासलं. त्रेचाळीस.

"दोघांपैकी दाखला कोणाला द्यायचा?" डॉक्टरने विचारलं.

"मला."

"याला जास्त गरज दिसते," डॉक्टर म्हणाला, पण दाखला लिहून दिला.

बाईंनी तो दिव्याखाली धरून वाचला. "ठीक आहे. फक्त ज्या तापमापकाने तापमान घेतलं, त्याच्यावर आपल्या कार्यालयाचा यंदाचा पडताळणी शिक्का हवा. इथे डॉक्टरांनी शिक्क्याचा क्रमांक लिहिलेला नाही."

मापारी परत दवाखान्यात गेला. डॉक्टरने तापमापक डोळ्यांजवळ नेला. शिक्का गेल्या वर्षीचा होता.

"आम्ही दोन आठवड्यांपूर्वीच बाकीचे सगळे तापमापक पाठवलेत की तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाला. "शिक्का मारणारा निरीक्षक सारखा आजारी असतो म्हणे."

तापमापकांवर शिक्का मारायचे अधिकार त्या जिल्ह्यात एकाच निरीक्षकाला होते, आणि त्या निरीक्षकाला मापारी रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत असे. शिक्का ज्या कपाटात होता ते त्याच्याच टेबलामागे होतं. तो तडक कार्यालयात गेला, किल्ली लावली, शिक्का बाहेर काढला, शाईवर दाबला, आणि खिसा बोलला.

"निरीक्षक महोदय, आपले तापमान एकेचाळीस अंश आहे."

आजारी माणसाने मारलेला शिक्का ग्राह्य धरत नाहीत. तेराचे अकरा झाले.

आता मापारी सरळ माणसासारखा विचार करायचा थांबला आणि कार्यालयीन विचार करू लागला. परिपत्रकात वरची मर्यादा दिलेली आहे, खालची दिलेली नाही. म्हणजे फोन जितका गार तितकी रजा सुरक्षित. गुरुवारी सकाळी त्याने फोन फ्रीजमध्ये ठेवला, टोमॅटो आणि दुधाचं भांडं यांच्या मध्ये, आणि साडेनऊचं तापमान तिथेच होऊ दिलं. ॲपने घेतलं. सहा अंश.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "एवढा निरोगी माणूस कार्यालयाने बघितला नसेल."

परिपत्रकाला परिशिष्ट होतं. तेही त्याने वाचलेलं नव्हतं. परिशिष्टात खालची मर्यादा होती आणि तिच्यापुढे एकच शब्द होता.

अकरा वाजता दारावरची घंटा वाजली. मापारीने दार उघडलं. बाहेर आस्थापना शाखेच्या बाई उभ्या होत्या. चोवीस वर्षांत त्या प्रथमच खुर्चीबाहेर दिसत होत्या. हातात फुलं होती आणि फुलांखाली एक फाईल.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, जरा अवघडल्या, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी आहेत का घरात?"

"आहे. काय झालं?"

"तुम्ही जरा बाजूला व्हा. वारसाची सही लागते."

"कोणाच्या वारसाची?"

"अवघड करू नका हो," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "चांगले होतात तुम्ही."

बायको स्वयंपाकघरातून आली. बाईंनी तिचा डावा हात हातात घेतला. फ्रीजमध्ये मापारीचा फोन मधूनमधून थरथरत होता. कार्यालयाच्या ग्रुपवर एकशे बारा जणांनी हात जोडले होते. व्यापाऱ्यांनी बाजार अर्धा दिवस बंद ठेवला होता. किराणावाल्याने आपल्या आणि साहेबांच्या एकत्र फोटोखाली लिहिलं होतं, 'शेवटच्या क्षणापर्यंत माझ्या काट्याशी उभे होते.'

"बाई, हे समोर उभे आहेत," बायको म्हणाली.

"मला दिसतंय, वहिनी. पण ॲपमध्ये सहा अंश दिसतायत. आता मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला तर लेखापरीक्षणात काय उत्तर देऊ?"

"आणि यांची रजा? अकरा दिवस होती."

"मयताला रजा नसते. मरण हीच एक मोठी रजा धरतात."

मापारी त्याच दुपारी नियंत्रकांपुढे जाऊन उभा राहिला. नियंत्रक हे कार्यालयातले सर्वांत थंड गृहस्थ. त्यांच्या दालनात गारवा सोडणारी दोन यंत्रं होती, त्यामुळे त्यांचा फोन कधीच तापत नसे आणि परिपत्रकात काही खोट आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

"बसा," ते म्हणाले, आणि मग जरा विचार करून, "म्हणजे, बसता येत असेल तर."

"साहेब, मी जिवंत आहे."

"व्यक्तिशः मला शंका नाही. पण तुम्ही एकटेच तसं म्हणताय." त्यांनी परिशिष्टाचं पान उलटलं. "तरतूद आहे, बरं का. चुकून मृत ठरलेल्या कर्मचाऱ्याने सलग सात दिवस, साडेनऊ ते साडेपाच, तापमान छत्तीस ते साडेसदतीसच्या दरम्यान ठेवून दाखवावं. एकदाही बाहेर जाता कामा नये. मग मृत्यू रद्द होतो. रजा होती तशी परत."

"अकरा दिवस?"

"अकराच्या अकरा."

मापारीने उभ्या उभ्या हिशेब केला. मुलीला डॉक्टरांनी दिलेली तारीख दहा दिवसांवर होती. सात दिवस जिवंत व्हायला, दोन दिवस पोचायला. एक दिवस हातात राहत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं, ते बघून शेजाऱ्यांना वाटलं की मुलगी इकडेच बाळंत झाली. फोनला मऊ पंचात गुंडाळून टेबलावर ठेवलेलं असे. तापमान पस्तिसाकडे उतरू लागलं की बायको त्याला डाव्या हाताने उचलून कुशीत धरी. सदतिसाच्या वर चढू लागलं की मापारी पंचा सोडून ओल्या बोटांनी पाठीवरून हात फिरवी. दोघं आळीपाळीने जेवत. खिडकी किती उघडायची याच्या खुणा चौकटीवर केल्या होत्या. कोणी दाराशी मोठ्याने बोललं तर बायको ओठांवर बोट ठेवी, कारण नसताना.

मुलीला शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं होतं, सात दिवस बाबांना फोन करू नकोस.

"का? काय झालं बाबांना?"

"काही नाही गं, कार्यालयाच्या दृष्टीने वारलेत. तू काळजी करू नकोस."

पहिला दिवस गेला. तिसरा गेला. पाचव्या दिवशी ग्रुपवर मापारीच्या श्रद्धांजलीचा व्हिडिओ आला, मागे सनईसारखं काहीतरी लावलेला, आणि तापमान सदतीस पूर्णांक चारपर्यंत चढलं. मापारीने फुंकर घालून घालून ते खाली आणलं. स्वतःच्या श्रद्धांजलीने माणूस दुसऱ्यांदा मरता मरता वाचला, असं त्या कार्यालयाच्या इतिहासात पूर्वी झालेलं नव्हतं.

सातवा दिवस उजाडला. शेवटचं तापमान साडेपाचला व्हायचं होतं. पाच वाजून आठ मिनिटांनी आकडा होता छत्तीस पूर्णांक नऊ. गाडीची तिकिटं टेबलावर होती, बॅग दाराशी भरून ठेवली होती, बायकोने प्लास्टरवर जाईल असा सैल बाहीचा ब्लाऊज घातला होता.

आणि फोन वाजू लागला.

पडद्यावर मुलीचा चेहरा होता, लहानपणचा, समोरचे दोन दात पडलेला. वरच्या कोपऱ्यात आकडा. मापारी आकड्याकडे बघत राहिला. सदतीस. वाजतोय. सदतीस पूर्णांक एक.

"उचला," बायको म्हणाली.

"बावीस मिनिटं राहिलीत. तिला सांगितलं होतं ना, करू नकोस म्हणून?"

"सांगूनही करतेय म्हणजे काहीतरी असेल. उचला!"

"उचलला तर मी मेलो."

"नाही उचलला तर मी आत्ता मारते. एका हाताने."

सदतीस पूर्णांक दोन. वाजणं थांबलं. आकडा एका दशांशाने खाली आला, आणि मापारीच्या चेहऱ्यावर, सांगायला वाईट वाटतं पण नोंद करायला हवी, समाधान दिसलं.

फोन परत वाजला. बायकोने पंचा ओढला आणि डाव्या हाताने फोन उचलून त्याच्या कानाला लावला, अगदी दाबून.

"बाबा," मुलगी म्हणाली. तिला धाप लागली होती. "तारखेच्या तीन दिवस आधीच सुरू झालंय. मला आत नेतायत. इथे कागदावर लिहायचंय म्हणे, बरोबर कोण आहे. कोण सांगू?"

सदतीस पूर्णांक सहा. झालं. सात दिवस गेले, अकरा दिवस गेले. आणि ते गेल्याबरोबर मापारीला एकदम हलकं वाटलं.

"मी आहे," तो म्हणाला. "माझं नाव लिही. आणि फोन बंद करू नकोस. उशाशी ठेव. आम्ही इथेच आहोत."

"ऐकू येईल ना तुम्हाला?"

"तू ओरड. आम्हाला ऐकू येईल."

पुढचा एक तास चाळीस मिनिटं तो फोन चालू होता. अडतीस झाले, एकेचाळीस झाले, शेहेचाळीस झाले. मापारीने कान बदलले, मग रुमाल घेतला, मग पंचा. बायको परिपत्रकाने वारा घालत होती. त्या कागदाचा कोणाला तरी उपयोग झाला, तो हा पहिला आणि शेवटचा. पलीकडून मुलगी ओरडे आणि इकडून हे दोघं एकदम बोलत.

"श्वास घे, बाळा!"

"बाबा, तुम्ही मोजू नका ना!"

"बरं, नाही मोजत."

ॲपची बाई मध्ये मध्ये बोलत होती. तिला जे काही सांगायचं होतं ते कोणी ऐकलं नाही. एकावन्न अंशांवर पलीकडून एक बारीक, चिडलेला, नवा आवाज आला. बायको वारा घालायची थांबली. मग कोणी नर्स फोनजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, मुलगी झाली. दोघी छान आहेत. वजन साधारण तीन किलो."

"साधारण म्हणजे?" आजोबा म्हणाले. "काटा कुठला आहे तुमचा?"

उत्तर आलं नाही. फोन काळा पडला होता आणि त्याची पाठ फुगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं गेले. रजेचा अर्ज दिला नाही. मयताला रजा घ्यावी लागत नाही, हे बाईंनी घरी येऊन सांगितलं होतंच. एकवीस दिवसांच्या जागी मापारी सव्वा महिना राहिला. नातीचं वजन तीन किलो एकशे वीस ग्रॅम भरलं. त्यासाठी त्याने चामडी पिशवी बरोबर नेली होती.

कार्यालयात 'मृत कर्मचाऱ्यास एकावन्न अंश ताप' या नोंदीवर दोन बैठका झाल्या. मृत्यूनंतर आलेल्या तापाची रजा देय नाही, असा शेरा मारून बाईंनी ते प्रकरण संपवलं. पण सव्वा महिना विनाअर्ज बाहेर राहता येतं, ही बातमी मात्र फाईलीत राहिली नाही. शाळांना सुट्ट्या लागल्या त्या महिन्यात कार्यालयातले सतरा जण वारले. त्यांतले नऊ एकाच थंड हवेच्या ठिकाणी. खुद्द नियंत्रकांचं आठ दिवस निधन झालं होतं आणि परतले तेव्हा ते चांगले सावळे झाले होते.

शिक्क्यावाचून दवाखान्यांतले तापमापक अडून राहिल्याने मापारीला विशेष आदेशाने, पूर्वलक्षी प्रभावाने जिवंत करण्यात आलं. नवा फोनही मिळाला. तोही तापतो. पण आता तो वाजला की मापारी आकडा बघत नाही.

वर्षअखेर ॲप बनवणाऱ्यांनी अहवाल काढला. वर्षभरात ज्यांचं तापमान एकदाही मर्यादेबाहेर गेलं नाही, अशा आदर्श कर्मचाऱ्यांची त्यात यादी होती. ती बरीच लांब निघाली. फोन एवढा गार कसा ठेवलात, असं त्यांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी एकच उपाय सांगितला: कामाच्या वेळात घरचे फोन घेत नाही.

तेव्हा ही हकिगत वाचता वाचता ज्यांच्या फोनवर घरचं कोणीतरी येऊन गेलं, आणि ज्यांनी 'कामात आहे, नंतर करतो' हा तयार निरोप धाडून पुढची ओळ वाचायला घेतली, त्यांनी चिंता करू नये. त्यांचं तापमान नियमात आहे.